हेड उतरवताना

‘मिस्त्री कोण?’

पार्टच्या दुकानातल्या माणसाने इंजिनाचे वरचे झाकण, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणाऱ्या हेड गॅस्केटचे पाकीट काउंटरवर ठेवले खरे, पण त्यावरचा हात काढला नाही आणि हा प्रश्न विचारला. ‘मीच,’ मी म्हणाले. त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या हातातल्या यादीकडे पाहिले. यादीत हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, थर्मोस्टॅट, टॅपेट कव्हरचे पॅकिंग असे सगळे लिहिलेले होते. म्हणजे कोणी सीट कव्हर घ्यायला आलेले नाही एवढे त्याला कळले असणार. तरी त्याने प्रश्न जरा बदलून पुन्हा विचारला, ‘नाही म्हणजे, काम कोण करणार आहे?’ माझे उत्तर तेच होते. मग त्याने बिलबुक ओढले, छापील किमतीत एक रुपयाही कमी न करता बिल केले आणि ‘पाकीट फोडलं की परत घेणार नाही, मॅडम,’ असे बजावून हात उचलला. प्रसंग एवढाच. त्यात कोणी उद्धट बोलले नाही, कोणाचा अपमान झाला नाही, आणि तरीही तो प्रश्न घरी येईपर्यंत आणि पुढेही कितीतरी दिवस माझ्या डोक्यात घोळत राहिला.

बाई पाहून विचारले असावे, ही शंका मनात आलीच. परंतु नंतर एकदा त्याच दुकानात माझ्यापुढे एक धिप्पाड गृहस्थ ब्रेकचे लायनर घेत उभे होते, आणि त्यांनाही त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. गृहस्थांनी कोणाचे तरी नाव सांगितले. दुकानदाराने वहीत त्या नावाचे पान काढून नोंद केली. या धंद्याची ती जुनी रीत आहे. पैसे गिऱ्हाईक देते, पण दुकानाचे खरे नाते असते ते मिस्त्रीशी. टक्के त्याच्या नावावर जमा होतात, पार्ट चुकीचा निघाला तर त्याच्या शब्दावर बदलून मिळतो, आणि बसवताना मोडला तर तो कोणाच्या माथी मारायचा हेही ठरलेले असते. ज्याच्यामागे मिस्त्री नाही असा पार्ट म्हणजे दुकानदाराच्या दृष्टीने बिनधनी माल. त्याने मला हिणवले नव्हते. वहीतला एक रकाना तो भरू पाहत होता, इतकेच. हे कळल्यावर मनातली किल्मिषे गेली. पण त्या रकान्यात नक्की कोणाचे नाव लिहायला हवे होते, हे काम संपत आले तसतसे मलाच सांगता येईना.

गाडी १९९८ सालची मारुती ८००, कार्ब्युरेटरची, ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांकडून घेतलेली. त्यांनी ती जिवापाड जपली होती. दर रविवारी पुसायचे, पावसाळ्यात दारांच्या रबरांना पावडर लावायचे. तळकोकणातून कोल्हापूरला परतताना करूळचा घाट चढू लागलो तेव्हा तापमानाचा काटा आपली नेहमीची जागा सोडून वर सरकला, आणि गगनबावड्याला धुक्यात बॉनेट उघडून उभे राहण्याची वेळ आली. इंजिन निवल्यावर ऑइलचे झाकण काढून पाहिले, तर त्याच्या आतल्या बाजूला दुधाच्या चहावर धरते तशी पिवळट साय होती. अशी साय पुष्कळदा केवळ दमटपणानेही धरते, म्हणून मनाची समजूत घालून पाहिली. घरी आल्यावर रेडिएटरचे झाकण काढून गार इंजिन चालू केले, तर पाण्यात बुडबुडे येत होते, आणि इंजिन कितीही वेळ चालवले तरी ते थांबत नव्हते. सिलिंडरमधला दाब पाण्याच्या वाटेत शिरत होता. गॅस्केट गेले होते, यात संशय उरला नाही.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. प्रसरणाचे गुणांक दर वर्षी फळ्यावर लिहिते, मुले ते उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आहे आणि वरचे हेड ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. तीनशे मिलिमीटर लांबीचा तुकडा ८० अंशांनी तापवला, तर ॲल्युमिनियम साधारण अर्धा मिलिमीटर वाढते आणि बीड त्याच्या जेमतेम निम्मे. म्हणजे गाडी दर वेळी तापते आणि दर वेळी निवते तेव्हा हे दोन धातू एकमेकांवर घासत सरकू पाहतात, बोल्ट त्यांना सरकू देत नाहीत, आणि त्यांच्या मध्ये दबून राहिलेले पातळसे गॅस्केट ही ओढाताण वर्षानुवर्षे सोसते. हे सगळे मला पाठ होते आणि यातले काहीही मी कधी पाहिलेले नव्हते. गाडी स्वतः उघडण्यामागे काटकसर नव्हती, स्वावलंबनाचा बाणाही नव्हता. आपण इतकी वर्षे ज्याविषयी बोलत आलो ते एकदा हाताने उचलून पाहावे, एवढीच खरी इच्छा होती. ती कोणाला सांगायला मात्र संकोच वाटे, म्हणून विचारणाऱ्यांना मी ‘पैसे वाचतात’ असेच सांगत असे. ते लोकांना चटकन पटते.

पैसे वाचत नाहीत. घरात नाशिकच्या टापारियाचे पाने होते, पण हेडचे बोल्ट ठरावीक जोरानेच आवळावे लागतात, त्यासाठी टॉर्क पाना लागतो, आणि त्या पान्याच्या किमतीत कोणत्याही मिस्त्रीने माझे हेड मजुरीवर दोनदा उतरवून चढवून दिले असते. शिवाय बारीक फट मोजायचे फीलर गेज, खरड्या, व्हॉल्व्ह दाबायचा क्लँप, ग्राइंडिंग पेस्ट. रेशनचे रॉकेल मिळेनासे झाल्यापासून पार्ट धुवायला डिझेल आणावे लागते, त्याचा वास हाताला रॉकेलपेक्षाही चिवट. कोणी तरी दिलेली सर्व्हिस मॅन्युअलची झेरॉक्स होती. तिची काही पाने आधीच्या कोणाच्या तेलकट बोटांसकट छापली गेली होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करण्यास मनाई असल्याची पाटी नाही, हे आधी नीट पाहून घेतले. येणारे-जाणारे थांबत. ‘एक्सचेंजमध्ये काय देतील हो हिचे?’ हा प्रश्न वडीलधारे विचारत, आणि मुले मात्र काहीही न विचारता उकिडवी बसून बॉनेटखाली पाहत राहत. मला मुलांची सोबत जास्त आवडली.

उघडताना पहिली गोष्ट लक्षात आली ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या नटांवर. सुझुकीच्या घडणीत आठ मिलिमीटरच्या नटाला बारा नंबरचा पाना लागतो; बाजारात मिळणाऱ्या साध्या नटाला तेरा नंबरचा. माझ्या हातातला बारा नंबरचा पाना काही नटांवर बरोबर बसला आणि एकावर बसेना. तेरा घेतला तेव्हा बसला. म्हणजे हा नट कारखान्यातून आलेला नव्हता. केव्हा तरी कोणी तरी हे उघडले होते, मूळचा नट हरवला किंवा गंजून तुटला, आणि डब्यातला हाताशी आला तो लावला. एकदा ही खूण दिसल्यावर पुढे खुणाच खुणा दिसू लागल्या. एका होजला मूळचा क्लिप नव्हता, तांब्याची तार होती. पण ती अशी सफाईने पिळून तिचे टोक आत वळवून ठेवलेले होते की बोटाला टोचू नये. एअर फिल्टरच्या झाकणाखाली रबरी रिंगऐवजी सायकलच्या ट्यूबची कापलेली चकती होती. टायमिंगच्या पुलीवर कारखान्याची खूण असतानाही शेजारी छिन्नीने दोन ठिपके मारलेले होते, त्यात पिवळ्या रंगाचा अवशेष. ज्याने ते मारले त्याचा छापील खुणेपेक्षा आपल्या ठिपक्यांवर जास्त भरवसा असावा. आणि टॅपेट कव्हरच्या एका कोपऱ्यात सीलंटचा एवढा मोठा गोळा थापलेला होता, की त्या माणसाविषयी माझे मत तिथल्या तिथे वाईट झाले. तारेचा आणि सीलंटचा हात एकाच माणसाचा नसावा, असे मी ठरवून टाकले. त्याला पुरावा काही नाही. पण तार पिळणाऱ्याची बाजू घ्यावीशी वाटली, हे खरे.

मॅन्युअलमध्ये ही माणसे नसतात. त्यातली गाडी नुकतीच कारखान्यातून आलेली असते, तिचा प्रत्येक बोल्ट मूळचा असतो आणि सुटा म्हटले की सुटतो. प्रत्यक्षातली जुनी गाडी उघडणे म्हणजे आधीच्या पाच-सात माणसांनी आपापल्या सोयीने केलेल्या तडजोडी उकलत जाणे. कोणी आटे गेलेल्या भोकात जाडसर बोल्ट बसवलेला असतो, कोणी दोन वॉशर एकावर एक घातलेले असतात, आणि त्याने ते का केले याचा विचार केल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येत नाही. कारण बहुतेक वेळा त्याला काही तरी अडचण होती आणि तीच अडचण आता आपल्यापुढे येणार असते.

हेडचे बोल्ट सोडतानाही क्रम असतो: बाहेरून आत, थोडे थोडे, आणि इंजिन पूर्ण गार असताना. आवळताना नेमके उलटे. पहिला बोल्ट सुटताना जो आवाज होतो तो कोरडा आणि मोठा असतो. काही तरी मोडले असे वाटून छातीत धस्स होते. आठही बोल्ट निघाले तरी हेड हलले नाही. रबरी हातोड्याने बाजूने ठोकत गेल्यावर एका क्षणी ते किंचित उचकले आणि आतून जुन्या पाण्याचा, जळक्या कागदासारखा वास आला. हेड उचलून पोत्यावर ठेवले. गॅस्केट दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरांमधल्या अरुंद पट्टीवर काळे पडून तुटलेले होते, आणि तिसऱ्या नंबरचा पिस्टन बाकीच्या दोघांपेक्षा स्वच्छ होता. आत शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन त्यावरचा कार्बन धुतला गेला होता. इतकी नेमकी साक्ष मला प्रयोगशाळेत क्वचितच मिळाली आहे. हेडच्या एका बाजूला मात्र मॅन्युअलच्या कोणत्याच आकृतीत नसलेली खूण होती: पंचाने ठोकलेली दोन अक्षरे आणि एक आकडा.

हेड घेऊन मी शिवाजी उद्यमनगरात गेले.

ज्यांनी कोल्हापूर केवळ अंबाबाई आणि रंकाळा एवढ्यापुरते पाहिले आहे त्यांना उद्यमनगर सांगून समजायचे नाही. ज्या गावात १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावाला ‘हे परदेशातून आणावे लागते’ हे वाक्य फारसे मानवत नाही, आणि उद्यमनगराच्या गल्ल्यांतून चालताना ते कानांना कळते. लेथचा एकसुरी घुरघुराट, मध्येच ग्राइंडरची किंकाळी, पत्र्यावर पडणारे हातोडे, कापताना ओतायच्या पांढऱ्या तेलपाण्याचा आंबूस वास, आणि दारादारांत कुरळ्या किशीचे ढीग. जिथे हेडचे फेसिंग होते, म्हणजे बाक आलेला त्याचा तळ मशीनवर घासून सपाट करतात, त्या दुकानातल्या कारागिराने माझ्याकडून हेड घेतले, चिंधीने पुसले आणि सपाट प्लेटवर निळी शाई फासून तिच्यावर ते हलकेच फिरवून उलटे केले. कडांना निळे लागले होते. मधला भाग कोरडा राहिला होता. मग पोलादी पट्टी आडवी धरून त्याने खाली फीलर गेजची पाती सरकवली. मॅन्युअल ०.०५ मिलिमीटरपर्यंतचा बाक चालवून घेते. त्याने मिलिमीटरमध्ये काही सांगितले नाही. ‘चार थाऊ,’ तो म्हणाला. इंचाचे चार हजारांश म्हणजे ०.१ मिलिमीटर, चालणाऱ्या मर्यादेच्या दुप्पट. भौतिकशास्त्राची शिक्षिका म्हणून मला दशमान पद्धतीचा अभिमान आहे, पण त्याच्या तोंडी ‘थाऊ’ ऐकताना तो आकडा अधिक खरा वाटला.

मग त्याने ती पंचाची खूण पाहिली. हेडांची अदलाबदल होऊ नये म्हणून फेसिंगवाले प्रत्येक हेडावर अशी खूण ठोकतात. अंगठ्याने ती चाचपून तो म्हणाला, ‘हे अगोदर एकदा मारलंय. पंच आमचा न्हवं, पलीकडच्या गल्लीतला वाटतोय.’ म्हणजे ही गाडी पूर्वीही एकदा अशीच तापली होती. शिक्षकांच्या आधी की त्यांच्याच काळात, ते आता कोण सांगणार? मी जरा धास्तावले, कारण प्रत्येक फेसिंगमध्ये हेड पातळ होते आणि असे कितीही वेळा करता येत नाही. त्याने कॅलिपर लावून जाडी मोजली, भिंतीवर खडूने लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली आणि मान हलवली. ‘मागच्यानं हात राखून मारलंय. शिल्लक आहे.’ ‘तुम्हीही कमीत कमी घ्या,’ मी म्हणाले. त्यावर तो हसला नाही की रागावला नाही. ‘तेवढंच घेणार. पुढच्याला ठेवायला पायजे का नको?’

पुढचा म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. मागचा कोण तेही नव्हते. पलीकडच्या गल्लीतल्या कोणा अनोळखी माणसाने काही वर्षांपूर्वी आणखी दोन थाऊ सहज उडवले असते तर कोणी त्याला जाब विचारला नसता, गिऱ्हाइकाला कळलेही नसते, आणि माझे हेड मात्र आज भंगारात गेले असते. दुकानातल्या त्या वहीच्या रकान्यात या माणसाचे नाव लिहावे, असे मला त्या वेळी फार वाटले. माझ्या सबंध दुरुस्तीतले सर्वांत नाजूक काम त्याने, मला न भेटता, आधीच करून ठेवलेले होते.

आमच्या कोपऱ्यावर एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रींना सगळे मामाच म्हणतात. एरवी माझी गाडी त्यांच्याकडेच जाई, आणि या वेळी गेली नव्हती. रोज कॉलेजला जाता-येता त्यांच्या गॅरेजवरूनच जावे लागे, आणि नखांत तेल भरलेले असताना त्यांच्याकडे पाहून हसणे जड जाई. त्यांच्या पोटावर पाय देण्याइतके माझे काम मोठे नव्हते, हे मला कळत होते. तरीही आपण त्यांची विद्या हौस म्हणून करून पाहत आहोत, याची टोचणी होती. ते स्वतःहून एका संध्याकाळी पार्किंगमध्ये आले. अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर घालून मांडलेले व्हॉल्व्ह, पुठ्ठ्यावर हेडची आकृती काढून तिच्यात ज्याच्या त्याच्या जागी खोचलेले बोल्ट, हे सगळे त्यांनी मागे हात बांधून पाहिले. ‘बेस्ट मांडलंयसा,’ ते म्हणाले. मग थोडे थांबून, ‘गॅस्केट गेलं हे खरं. पर ते का गेलं, ते बघितलासा काय?’

गाडी तापली म्हणून गेले, हे उत्तर त्यांना पुरेसे नव्हते. ‘तापली का पर?’ त्यांनी मोबाइलची बॅटरी लावून रेडिएटरच्या तोंडातून आत पाहिले आणि मलाही पाहायला लावले. नळ्यांच्या तोंडांवर पांढरट, खरखरीत थर होता. खालचा पाइप मी आधीच काढलेला होता. मामांनी वरून बादलीभर पाणी ओतले आणि ते खालून किती वेगाने निघते ते पाहत उभे राहिले. पाणी धारेने यायला हवे होते, ते संथ गळत होते. ‘आधीचं मालक बोअरचं पाणी घालत हुते का?’ मला माहीत नव्हते. त्या शिक्षकांना फोन केला, तर त्यांनी अभिमानाने सांगितले, की दर रविवारी स्वतःच्या हाताने, आमच्या बोअरचे ताजे पाणी. जपणारा माणूस, कूलंट संपत आले की त्यावर पाणी घालत राहिला, आणि बोअरच्या पाण्यातला चुना वर्षानुवर्षे नळ्यांत साचत गेला. मैदानी रस्त्यावर अर्धा रेडिएटरही पुरतो. घाटात पुरत नाही. मॅन्युअलमध्ये हेड कसे उतरवायचे ते चित्रांसकट आहे, तापलेल्या इंजिनाच्या कारणांचा तक्ताही आहे आणि त्यात रेडिएटर तुंबल्याची ओळही आहे. परंतु दर रविवारी प्रेमाने बादली घेऊन येणारे गुरुजी त्यात नाहीत. ते मामांना एका बादलीत दिसले. रेडिएटर काढून साफ करायला टाकला, पंख्याच्या थर्मो स्विचची तपासणी करून घेतली, आणि नंतर मी डिस्टिल्ड वॉटर मिसळलेल्या कूलंटचा कॅन विकत घेतला तो आजही गाडीच्या डिकीत असतो.

स्वतः काम करणाऱ्यांच्या बोलण्यात ‘मिस्त्री लोक फसवतात’ हे वाक्य फार येते. फसवणारे असतात, मलाही भेटलेले आहेत. पण त्यावरून जे शहाणपण काढले जाते ते मला पटत नाही. पाना चालवणे हे कौशल्याचे खालचे टोक आहे; ते चित्र पाहून, व्हिडिओ पाहून, धीर धरला तर जमते. तीस वर्षे वेगवेगळ्या माणसांच्या गाड्या उघडल्यावर माणसांच्या सवयींवरून बिघाड ओळखण्याची जी नजर येते, ती एका गाडीच्या मालकाला येणे शक्य नाही. माझ्याकडे एकच गाडी आहे आणि मी तिचे हेड आयुष्यात कदाचित पुन्हा उतरवणारही नाही.

असे असूनही व्हॉल्व्ह घासण्याचे काम मी कोणालाही दिले नसते. सहा व्हॉल्व्ह, प्रत्येकाच्या तोंडाला पेस्ट लावून, रबरी चूषक लावलेली काठी दोन तळहातांत धरून पुढे-मागे फिरवायची, मध्येच उचलून थोडी वळवायची आणि पुन्हा. सुरुवातीला आवाज करकरीत असतो. पेस्ट बारीक होत जाते तसा तो मऊ होतो, आणि सीटवर एकसारखी, राखाडी, तुटक नसलेली रेघ उमटते. ती रेघ उमटली की थांबायचे; जास्त घासले तर वाट रुंद होते. झाल्यावर व्हॉल्व्ह बसवून पोर्टमध्ये डिझेल ओतायचे आणि खालून पाझरते का ते पाहायचे. हे करताना पाऊस लागला होता. पार्किंगच्या कडेने पागोळ्या गळत होत्या, पाठ भरून आली होती, आणि मनात एकही वाक्य नव्हते. दिवसभर बोलण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला या मौनाची किंमत सांगावी लागत नाही.

जोडताना सगळ्यांत जपायचे ते बोल्टांच्या भोकांना. त्यांच्यात तेल किंवा पाणी राहिले, तर बोल्ट खाली जाताना त्या द्रवाला निसटायला वाट नसते. टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो आणि क्वचित ब्लॉकला तडाही जातो. चिंधी काडीला गुंडाळून प्रत्येक भोक कोरडे केले. मग हेड ठेवून मधल्या बोल्टांपासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, शेवटी साडेपाच ते सहा किलोग्रॅम-मीटर. पाना ‘टक्’ करतो तिथे थांबायचे, आणखी थोडे आवळावे असा हाताला होणारा मोह दाबायचा. टायमिंग बेल्ट चढवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला; तेवढ्यात कॅम एक फेरा करतो आणि खुणा पुन्हा समोरासमोर यायला हव्यात. आल्या. त्या अनामिकाचे छिन्नीचे ठिपकेही अगदी बरोबर जुळले. त्यांच्यावर मी पुन्हा पिवळा रंग भरला.

गाडी चालू झाली, आणि त्याचे वर्णन करण्यासारखे फार काही नाही. बुडबुडे नव्हते, काटा मध्यावर थांबला, टॅपेटचा किंचित आवाज होता तो पुन्हा सेट केल्यावर गेला.

ही गाडी किती दिवस राखावी याचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तो पान्यांनी सुटणारा नाही. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, पर्यावरण कर वेगळा. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढत गेले तशी जुन्या इंधन पाइपांची आणि पंपाच्या पडद्याची रबरे फुगून चिरू लागतात. ती मी आता दर दिवाळीला वाकून पाहते. पार्ट अजून मिळतात याचे श्रेय बऱ्याच अंशी ओम्नीला द्यायला हवे. ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पण त्याच इंजिनावर ओम्नी २०१९ पर्यंत निघत राहिली आणि गावोगावच्या शाळांच्या नि भाजीच्या ओम्न्या अजून रस्त्यावर आहेत. त्या जातील तेव्हा गॅस्केटची पाकिटेही दुर्मीळ होतील.

अशाच एका ओम्नीचे हेड उतरवलेले असताना मामांनी मुलाला पाठवून माझा टॉर्क पाना मागवला. मला आश्चर्य वाटले, कारण मामा गेली कित्येक वर्षे हेड हाताच्या अंदाजाने आवळत आले आहेत. कुतूहल म्हणून मीही मागोमाग गेले. त्यांनी आपल्या नेहमीच्या पान्याने सगळे बोल्ट क्रमाने आवळले, आणि मग माझा टॉर्क पाना साडेपाचावर लावून प्रत्येकावर ठेवून पाहिला. एक सोडून सगळ्यांवर तो जागच्या जागी ‘टक्’ वाजला. एक बोल्ट मात्र जरासा फिरला. मामांनी त्या बोल्टाकडे बराच वेळ पाहिले. ‘ह्यो कोपऱ्यातला हाय, हितं हात पुरत न्हाई,’ ते म्हणाले. पाना परत आला तेव्हा त्याची स्प्रिंग आवळलेलीच होती. वापरून झाल्यावर ती सैल करून ठेवावी लागते, नाहीतर आकडा बिघडतो, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली. पुढच्या वेळी मागून नेला तेव्हा सैल करून पाठवला, आणि त्याच्या पुढच्या वेळी पाठवलाच नाही. सध्या तो त्यांच्याच भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो; मला लागला की मी जाऊन घेऊन येते.